अज्ञान म्हणजे काय? : अमळनेरच्या एका वादाची कथा

ज्ञानाची थोरवी सांगणारी व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. आजचे माझे भाषण मात्र अज्ञानाविषयी आहे. अज्ञानाविषयी बोलावयास विद्वत्ता कशाला हवी, ते तर सर्वांपाशी मुबलक आहे, असे कोणी विनोदाने म्हणेल. परंतु जी वस्तू सर्वांपाशी असते तिचे स्वरूप बहुधा कोणी निरखून पाहत नाही. श्वास प्रत्येकजण घेतो. श्वासाचे शास्त्र थोड्यांनाच ठाऊक असते. अज्ञानाचेही तसेच आहे. ‘मला हे ठाऊक नाही’ हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्या वाक्याने आपण नेमके काय सांगतो? आपल्यापाशी काही नाही असे सांगतो, की काही आहे असे सांगतो? हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. आपल्या देशातील थोर तत्त्ववेत्त्यांनी त्यावर शतकानुशतके वाद केला आहे, आणि त्या वादाचा एक उल्लेखनीय अध्याय विसाव्या शतकात आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशातील अमळनेर ह्या गावी लिहिला गेला. त्याची हकीकत आणि त्यातील विचार आज आपणापुढे ठेवावयाचा आहे.

मी दिग्रसचा एक निवृत्त शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञान हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु ज्याचे आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले, त्याचा अज्ञानाशी रोजचा संबंध असतो. वैद्याला जसा रोग, तसे मास्तराला अज्ञान. रोगाचे निदान न करता औषध देणाऱ्या वैद्याला आपण नावे ठेवतो; मग अज्ञानाचे स्वरूप न ओळखता ते घालविण्यास निघालेल्या मास्तराला काय म्हणावे? मुलाचे मन ही कोरी पाटी आहे, तिच्यावर आपण लिहावयाचे, असे मानले तर शिकविण्याची रीत एक होते. त्या पाटीवर आधीच काही लिहिलेले आहे, असे मानले तर रीत निराळी होते. म्हणून हा प्रश्न मला आश्रमात बसलेल्या वेदान्त्यांइकाच शाळेतल्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचाही वाटतो.

आता अमळनेरकडे वळू. आमच्या वऱ्हाडात काय किंवा तिकडे खानदेशात काय, काळ्या जमिनीतील कापूस हाच पैशाचा मुख्य उगम. बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे वारकऱ्यांना पूर्वीपासून परिचित. पुढे ह्याच गावी प्रताप मिल निघाली आणि गावाला गिरणीचे गाव म्हणून नाव मिळाले. १९४५ साली स्थापन झालेल्या ज्या कंपनीचे पुढे ‘विप्रो’ झाले, तिचा वनस्पती तुपाचा पहिला कारखानाही येथलाच. अशा ह्या व्यापारी गावात मोतीलाल माणेकचंद नावाचे गिरणीमालक होते. लोक त्यांना श्रीमंत प्रतापशेठ म्हणत. धनिक मनुष्याने दान केले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे धर्मशाळा, घाट अथवा देऊळ येते. प्रतापशेठांनी १९१६ साली जे मंदिर उभारले त्यात मूर्ती नव्हती. ते होते तत्त्वज्ञान मंदिर. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी तेथे येऊन राहावे, त्यांच्या चरितार्थाची काळजी मंदिराने वाहावी, आणि त्यांनी निश्चिंतपणे विचार करावा, लिहावे, वाद करावा, अशी ती योजना. कापसाच्या पैशातून विचार विणण्याची ही कल्पना त्या काळी किती विलक्षण होती हे सांगावयास नको.

ह्या मंदिरातून १९२५ साली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ नावाचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले आणि देशभरच्या तत्त्वज्ञांचे ते व्यासपीठ बनले. माझ्यासारख्या शिक्षकाला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. आपले साने गुरुजी अमळनेरला आले ते प्रथम ह्याच मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. पुढे १९२४ साली ते तेथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहाच्या लढ्यात पडेपर्यंत मुलांत रमले.

मंदिराशी संबंध आलेल्या विद्वानांत तिघांची नावे आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक घनश्यामदास रतनमल मलकानी, हे सिंधी, दुसरे रासविहारी दास, हे बंगाली, तिसरे टी. आर. व्ही. मूर्ती, हे दाक्षिणात्य. तिघे तीन प्रांतांचे, तिघांच्या मातृभाषा निराळ्या, आणि एकत्र आले ते महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. १९३३ साली ह्या तिघांचे मिळून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव मात्र संस्कृत होते, आणि तेही एकाच शब्दाचे: ‘अज्ञान’. मौज अशी की एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या ह्या तीन निबंधांत तिघांची मते एक नाहीत. एकमेकांशी मतभेद असणाऱ्यांनी आपले मतभेद एकत्र छापावे, ह्यातच त्या मंदिराच्या वातावरणाची कल्पना येते.

त्यांच्यापुढचा मूळ प्रश्न काय होता, तो आता सोप्या रीतीने पाहू.

अज्ञान ह्या शब्दाची फोड केली तर ज्ञान नसणे ते अज्ञान, असा सरळ अर्थ निघतो. आपल्या न्यायशास्त्राने हाच अर्थ धरला. नैयायिक म्हणतात, घट नसणे म्हणजे घटाचा अभाव. तसेच ज्ञान नसणे म्हणजे ज्ञानाचा अभाव. त्याहून अधिक काही मानण्याची गरज नाही. काळोख म्हणजे काय? उजेडाचा अभाव. काळोख नावाची वस्तू खोलीत येऊन बसत नाही. दिवा गेला की झाले. त्याच न्यायाने अज्ञान नावाची वस्तू मनात येऊन बसत नाही. ज्ञान आलेले नाही, एवढेच. मत मोठे सुटसुटीत आहे आणि पहिल्या ऐकण्यातच पटते.

परंतु ह्या मतावर अद्वैती वेदान्त्यांनी एक बारीक शंका काढली. ते म्हणतात, अभाव ओळखावयाचा तर ज्याचा अभाव आहे ती वस्तू आधी ठाऊक असावी लागते. ज्याने जन्मात घट पाहिला नाही, तो ‘येथे घट नाही’ असे म्हणू शकणार नाही. शास्त्रात ह्या वस्तूला अभावाचा ‘प्रतियोगी’ म्हणतात. आता ‘मला अमुक गोष्टीचे ज्ञान नाही’ असे मी म्हणतो तेव्हा त्या गोष्टीच्या ज्ञानाचा अभाव मी ओळखला. तो ओळखावयास ते ज्ञान कसे असते हे मला कळले पाहिजे. आणि ते कळले तर ती गोष्टही मला कळलीच! मग मी अज्ञानी कसा? आणि ते कळले नसेल, तर आपण अज्ञानी आहोत हे मला कळले कसे? उलट, ‘मी अज्ञ आहे’, ‘तू म्हणतोस ते मला ठाऊक नाही’ हा अनुभव तर सर्वांना अगदी थेट येतो. तेव्हा अज्ञान हा नुसता अभाव नव्हे. ज्ञान झाल्यावर नाहीसे होणारे, पण तोपर्यंत अनुभवास येणारे असे ते काहीतरी आहे. अद्वैती त्याला ‘भावरूप’ म्हणतात. भावरूप म्हणजे खरे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ते अभावाहून निराळे आहे, एवढाच त्या शब्दाचा रोख आहे.

नैयायिकही निरुत्तर होणारा नव्हे. तो म्हणेल, एखाद्या पुस्तकाची शंभर पाने आहेत हे मला ठाऊक आहे, पण चाळिसाव्या पानावर काय लिहिले आहे ते मी वाचलेले नाही. पान आहे हे सामान्य ज्ञान मला आहे. मजकुराचे विशेष ज्ञान नाही. म्हणून ‘मला ते ठाऊक नाही’ असे मी बिनचूक म्हणू शकतो. ह्यात विरोध कोठे आला? उत्तर चांगले आहे, आणि रोजच्या व्यवहारातील पुष्कळशा अज्ञानाचा उलगडा त्याने होतो. पण मग अद्वैती दुसरा दाखला पुढे करतो, आणि तो मनाच्या स्वरूपाकडे नेणारा आहे.

तो दाखला गाढ झोपेचा. सकाळी उठून आपण म्हणतो, ‘आज छान झोप लागली, काहीसुद्धा कळले नाही.’ ह्या साध्या वाक्यावर आपल्या पूर्वजांनी केवढा खल केला आहे! काही कळले नाही, हे आपल्याला कशावरून कळले? नैयायिक म्हणतो, अनुमानावरून. अंग हलके झाले आहे, उजाडले आहे, मधल्या वेळचे काही आठवत नाही. त्यावरून त्या वेळी ज्ञान नव्हते असा तर्क आपण जागे झाल्यावर करतो. अद्वैती म्हणतो, छे, हा तर्क नव्हे, ही आठवण आहे. आणि आठवण अनुभवाचीच असते. म्हणजे गाढ झोपेतही कोणीतरी ते ‘न कळणे’ अनुभवीत होता. मन, बुद्धी, इंद्रिये सर्व विश्रांत झाली होती, तरी हा जागा होता. त्याला ते साक्षी म्हणतात. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त ‘नाटकदीप’ नावाचे एक प्रकरणच आहे. रंगभूमीवरचा दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच प्रकाशित करतो, आणि सर्व निघून गेल्यावर रिकाम्या नाट्यगृहालाही तोच प्रकाशित करीत राहतो. साक्षी तसा आहे. येथे ध्यानात येते की अज्ञानाचा प्रश्न हा ज्ञानाचा आणि मनाचाही प्रश्न आहे. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणणारा हा ‘मी’ कोण, हे विचारल्यावाचून अज्ञानाचा विचार पुरा होत नाही.

अभावाच्या ज्ञानाला एवढे महत्त्व द्यावयाचे काय, असे कोणास वाटेल. त्याला उत्तर अमळनेरहूनच मिळते. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे त्या काळचे एक अत्यंत खोल विचाराचे बंगाली तत्त्वज्ञ. १९३३ ते १९३५ ह्या काळात ते अमळनेरच्या मंदिराचे संचालक होते, आणि त्यापूर्वी १९३० सालीच त्यांचे ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक मंदिराने प्रसिद्ध केले होते. पुस्तक लहान आणि वाचावयास फार कठीण. त्यात मनुष्य स्वतःला देहाहून वेगळा असा पायरीपायरीने कसा ओळखू लागतो, ह्याचे विवेचन आहे. आणि देहाकडून मनाकडे जाणाऱ्या पायऱ्यांत त्यांनी एक पायरी अभावाच्या जाणिवेला दिली आहे. त्यांचा विचार माझ्या शब्दांत मी असा समजावून घेतो. ओळखीच्या खोलीत आपण शिरलो आणि नेहमीची वस्तू तेथे दिसली नाही, तर ते ‘नसणे’ आपल्याला एकदम जाणवते. डोळ्यांना फक्त भिंती व जमीन दिसते. ‘नसणे’ काही डोळ्यांवर उमटत नाही. ते जाणवते ते मनाला. जे समोर आहे त्याने मन सर्वस्वी बांधलेले नाही, ह्याची ती पहिली खूण होय.

अद्वैत मताकडे पुन्हा येऊ. अज्ञानाचे काम एकच नसते. गौडपादाचार्यांनी आपल्या माण्डूक्यकारिकांत झोप आणि स्वप्न ह्यांचा भेद सांगताना ही गोष्ट फार नेमकी मांडली आहे. तत्त्व न जाणणे ही झोप, आणि तत्त्व भलतेच जाणणे हे स्वप्न. अंधारात दोरी पडली आहे. ती दिसलीच नाही, तर मनुष्य तिच्यावरून निघून जाईल, घाबरणार नाही. पण ती अर्धवट दिसली आणि साप वाटला, तर तो ओरडेल, पळेल, कदाचित पडून पाय मोडून घेईल. न कळण्याने जेवढे नुकसान होते त्याहून भलतेच कळण्याने अधिक होते. आणि आता मास्तराची अडचण ऐका. ज्याला दोरी दिसलीच नाही त्याला ‘ही पाहा दोरी’ एवढे सांगितले की पुरे. ज्याला साप दिसतो आहे त्याला नुसते ‘दोरी आहे’ म्हणून भागत नाही. त्याचा साप आधी घालवावा लागतो.

वर्गातील उदाहरण घ्या. ‘अर्ध्याला अर्ध्याने गुणले तर किती?’ असे विचारले की पुष्कळ मुले चाचरतात. पाव, हे उत्तर त्यांना सांगितले तरी पटत नाही. का? गुणाकाराने संख्या वाढते अशी त्यांची पक्की समजूत असते. आणि ती समजूत त्यांनी आळसाने केलेली नसते; पहिल्या वर्गापासून दोन त्रिक सहा, तीन चोक बारा असे जे जे पाढे म्हटले, त्यांत संख्या वाढतच गेली होती! म्हणजे हे अज्ञान ज्ञानातूनच उगवले. त्याचप्रमाणे मणभर लोखंड मणभर कापसापेक्षा जड असते, असे कापसाच्या मुलखात वाढलेले मूलही क्षणभर म्हणून जाते. अशा मुलाचे डोके रिकामे नाही. भरलेले आहे, आणि म्हणूनच नवे आत शिरत नाही. शिकविणे म्हणजे ओतणे, असे समजणारा मास्तर येथे हटकून थकतो. आधी काय भरले आहे ते विचारणारा मास्तर वाट काढतो.

अद्वैत्यांचे हे भावरूप अज्ञान सर्वांना मान्य झाले असे मात्र नाही. त्यावर सर्वांत कडक प्रहार रामानुजाचार्यांनी केला. त्यांनी ‘श्रीभाष्या’त ह्या कल्पनेत सात अनुपपत्ती, म्हणजे न जुळणाऱ्या गोष्टी, दाखविल्या. त्यांतील पहिलीच विचारते: हे अज्ञान आहे कोणाचे? ब्रह्माचे म्हणावे तर ब्रह्म ज्ञानरूप. प्रकाशात अंधार राहील कसा? जीवाचे म्हणावे तर अद्वैत्यांच्या मते जीव हा जीव झाला तोच अज्ञानामुळे. मग अज्ञान जीवात राहते आणि जीव अज्ञानामुळे होतो, हे चक्र सुटणार कसे? खुद्द अद्वैत्यांतही ह्यावर दोन पक्ष झाले. वाचस्पतिमिश्रांच्या अनुयायांनी अज्ञानाचा आश्रय जीव मानला, तर विवरणकारांच्या पक्षाने ब्रह्म मानले. अमळनेरच्या तिघांनी १९३३ साली ज्या प्रश्नाला हात घातला तो असा जुना, आणि न सुटलेला होता.

येथे महाराष्ट्राला आपल्या घरच्या एका महान ग्रंथाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. इसवी सन १२९० मध्ये नेवाशास गीतेवरील टीका पूर्ण करणाऱ्या ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभव’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात दहा प्रकरणे आहेत, आणि सातव्याचे नावच मुळी ‘अज्ञानखंडन’ आहे. ज्ञानेश्वरांनी तेथे एक दृष्टान्त दिला आहे, त्याला तोड नाही. मिठाची मासोळी केली तर ती जगावी कोठे? पाण्यात ठेवली तर विरघळून जाते. पाण्याबाहेर काढली तर मासोळी म्हणून मरते. अज्ञानाची तीच गत. ज्ञानाच्या ठायी ठेवू जावे तर ते उरत नाही. ज्ञानाबाहेर ठेवू जावे तर ते आहे हे सांगणार कोण? तेव्हा अज्ञान नावाची वस्तू मानण्याचे कारणच नाही. आणि ज्ञानेश्वर एवढ्यावर थांबले नाहीत. आठवे प्रकरण ‘ज्ञानखंडना’चे आहे. ज्याला घालवावयाचे ते अज्ञानच नसेल, तर त्याला घालविणारे म्हणून ज्या ज्ञानाची आपण मिरवणूक काढतो त्याचीही ऐट उरत नाही. अज्ञानाचा विचार इतक्या टोकापर्यंत आणि तोही लोकांच्या भाषेत नेणारा पुरुष सातशे वर्षांपूर्वी आपल्यात होऊन गेला.

हा प्रश्न केवळ हिंदुस्थानाचा होता असेही नव्हे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो ह्याच्या ‘मेनो’ नावाच्या संवादात सॉक्रेटिसापुढे हाच पेच टाकलेला आहे. जे तुला ठाऊक आहे ते शोधण्याची गरज नाही. जे ठाऊकच नाही ते शोधणार कसे, आणि सापडले तरी तेच हे, असे ओळखणार कसे? आपल्या प्रतियोगीच्या शंकेचे हे सख्खे भावंड होय. पुढे १८५४ साली स्कॉटलंडातील जेम्स फेरियर ह्या प्राध्यापकाने आपल्या ग्रंथात ज्ञानाच्या शास्त्राला ‘एपिस्टेमॉलॉजी’ हे इंग्रजी नाव दिले. ज्ञानमीमांसेचे ते नाव आज जगभर चालते. पण त्याच ग्रंथात त्याने अज्ञानाच्या शास्त्रालाही ‘ॲग्नॉयॉलॉजी’ असे स्वतंत्र नाव दिले होते. ते मात्र फारसे चालले नाही. फेरियरचे म्हणणे असे की, जे जाणता येणे शक्य आहे त्याविषयीच अज्ञान संभवते. अज्ञान हा उणेपणा आहे, आणि जे असू शकते त्याचाच उणेपणा असतो. जुळ्या शब्दांपैकी ज्ञानाचा शब्द जगला आणि अज्ञानाचा मागे पडला, ह्यात मनुष्यस्वभाव दिसतो.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल, अज्ञानाचे राहू द्या. निदान ज्ञान म्हणजे काय हे तरी निश्चित आहे ना? खरी समजूत म्हणजे ज्ञान, एवढे म्हणून भागेल काय? बर्ट्रंड रसेल ह्यांनी १९४८ साली एक गमतीचे उदाहरण दिले. घड्याळ बंद पडलेले आहे. ते बंद आहे हे न कळता एकाने त्यात पाहिले, आणि योगायोगाने घड्याळ दाखवीत होते तीच त्या क्षणी खरी वेळ होती. त्याची समजूत खरी ठरली. पण त्याला वेळ ‘कळली’ असे आपण म्हणू काय? १९६३ साली एडमंड गेटियर ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने अवघ्या तीन पानांचा लेख लिहून दाखविले की, समजूत खरी असली आणि तिला कारणही असले, तरी ती ज्ञान ठरेलच असे नाही. त्या तीन पानांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मोठी खळबळ उडाली. परंतु ‘नैषधीयचरित’ हे महाकाव्य लिहिणारे आपले श्रीहर्ष ह्यांनी बाराव्या शतकातच ‘खण्डनखण्डखाद्य’ ह्या ग्रंथात मिटलेल्या मुठीचा दाखला दिला होता. मुठीत कवड्या किती, असे विचारल्यावर कोणी अंदाजाने ‘पाच’ म्हणाला आणि निघाल्याही पाच; तर ते उत्तर खरे, पण ते ज्ञान नव्हे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने श्रीहर्षांना नमस्कार करावा! बरोबर उत्तर आणि कळलेले उत्तर ह्यांतील अंतर त्याच्या इतके कोणाला ठाऊक असणार?

आता प्रश्न उरतो तो इतिहासाचा. परक्या सत्तेच्या काळात, खेड्यावजा गावात, काही विद्वानांना अज्ञानावर पुस्तक का लिहावेसे वाटले? त्यांच्या मनातील हेतू मी सांगू शकणार नाही. पण त्या काळाकडे पाहिले तर एक धागा हाती येतो. ज्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांचा मी उल्लेख केला, त्यांनी हुगळी कॉलेजातील विद्यार्थ्यांपुढे विचारांतील स्वराज्य ह्या विषयावर एक भाषण केले होते. १९४९ साली ते निवर्तले, आणि भाषण छापून आले ते त्यानंतर, १९५४ साली. त्याचा आशय असा की, राजकीय पारतंत्र्य मनुष्याला जाणवते, कारण ते बाहेरून बोचते. पण विचारांचे पारतंत्र्य जाणवत नाही, आणि तेच त्याचे खरे भय. परक्यांचे विचार घेऊ नयेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्या विचारांशी ताडून न पाहता, तुलना न करता ते आपल्या मनावर बसतात, ह्याला ते गुलामगिरी म्हणत. हे ऐकल्यावर अज्ञानाच्या वादाचा अर्थ अधिक उकलतो. ज्याला आपण अज्ञानी आहोत हे कळते तो अर्धा सुटलाच. ज्याचे अज्ञान ज्ञानाचा वेष घेऊन बसले आहे, त्याला सोडविणे कठीण. मग तो वर्गातील मुलगा असो, पंडित असो, वा एखादे राष्ट्र असो.

अमळनेरच्या त्या त्रैमासिकाचे प्रकाशन पुढे बंद पडले. परंतु १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ ह्या नावाने त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि त्यात मूळचे नागपूरकडचे प्राध्यापक सुरेंद्र बारलिंगे ह्यांचा पुढाकार होता. १९७४ साली देवीदास दत्तात्रेय वाडेकर ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आमच्या वऱ्हाडात, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकविणारे प्राध्यापक दि. य. देशपांडे ह्यांनी ‘अर्वाचीन ज्ञानमीमांसा’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. १९३३ सालच्या ‘अज्ञान’ पुस्तकाची भाषा मात्र इंग्रजी होती. तीन प्रांतांच्या माणसांना एकमेकांशी बोलावयास त्या काळी तोच दुवा होता, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. परंतु परिणाम असा झाला की, ज्या भाषेत ‘अज्ञानखंडन’ लिहिले गेले त्या भाषेच्या सामान्य वाचकापर्यंत अमळनेरचा वाद पोहोचला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या वेळी त्या गावाचे नाव घरोघर झाले. हजारो मराठी वाचक त्या गावाच्या रस्त्यांवरून गेले. त्यांतील किती जणांना ठाऊक असेल की अज्ञान ह्या विषयावरचा एवढा मोठा वाद ह्याच गावी झाला? अज्ञानावरच्या पुस्तकाविषयीच आपण अज्ञानी असावे, हा योगायोग विनोदी खरा, पण भूषणावह नव्हे.

मग अज्ञान म्हणजे काय? मोठमोठ्यांनी जो निकाल लावला नाही तो माझ्यासारख्याने लावू नये. तथापि व्यवहारासाठी मला ह्या वादातून तीन गोष्टी मिळाल्या, त्या सांगून पुरे करतो. नैयायिकाने शिकविले की, जे ठाऊक नाही त्याची सीमा नीट आखता आली पाहिजे. चाळिसावे पान वाचलेले नाही, हे नेमके सांगता येणे हेही ज्ञानच आहे. अद्वैत्याने शिकविले की, अज्ञान पुष्कळदा रिकामे नसते, भरलेले असते. म्हणून समोरच्याला काही सांगण्यापूर्वी त्याला काय वाटते ते आधी विचारावे. आणि ज्ञानेश्वरांनी शिकविले की, अज्ञानाचा फार बाऊ करू नये. मिठाच्या मासोळीला पाण्याची गाठ पडू द्यावी, म्हणजे झाले. जो मनुष्य ‘मला ठाऊक नाही’ हे चार लोकांत न लाजता म्हणू शकतो, त्याच्या घरी ज्ञानाला आज ना उद्या यावेच लागते. हे वाक्य उच्चारणाऱ्या मुलाला जी शाळा हसत नाही, ती शाळा चांगली. आणि ते उच्चारणाऱ्या वडीलधाऱ्याला जो समाज कमी लेखत नाही, तो समाज शहाणा.